फायनलची दुबार पेरणी

"सीड तुझ्या मामाचं, एक नंबर तुझ्या मामाच्या पोराचा, मंग आमी काय इथं पऱ्हाट्या उपटाले आलो का बे?"

ओरडत होता वायंडिंगवाला भाई. शेजारच्या गावचा. विहिरीवरच्या जळक्या मोटारी खोलून त्यात नवी तार भरायची, हा त्याचा धंदा. घरची थोडी कपाशीही होती. दिवसभर घरघरणाऱ्या मोटारीशेजारी बसून बोलायची सवय लागलेली, त्यामुळं भाईनं कानात काही सांगितलं तरी खामगावच्या स्टँडवर झोपलेला कंडक्टर दचकून घंटी मारायचा. आणि त्या दिवशी तर तो मनापासून ओरडत होता. मे महिन्याचं ऊन असं की आमच्या कोंबड्या अंडी देत होत्या ती उकडलेलीच. तशा उन्हात भाई मामाच्या कृषी केंद्रासमोर उभा, मागं त्याच्या गावची माणसं, आणि त्याचं बोट अर्ध्या ओढलेल्या शटरकडं.

शटरवर मी खडूनं तक्ता काढला होता. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची स्पर्धा, आठ गावांच्या आठ टीम, एका टीमात चार जण, प्रत्येकानं आपापल्या गावात बसून ऑनलाइन खेळायचं. तक्त्याच्या माथ्यावर मी मोठ्या झोकात लिहिलं होतं: 'टॉप सीड – आपलं गाव'.

यात माझं काय चुकलं ते पुण्याच्या माणसाला सात जन्मांत कळायचं नाही. तगड्या टीम पहिल्याच फेरीत एकमेकींवर आदळून मरू नयेत म्हणून त्यांना आधी क्रम देतात, तक्त्यात लांब लांब ठेवतात, आणि त्याला सीडिंग म्हणतात. मी ते मोबाइलवर पाहून शिकलो होतो. सराव सामन्यांत मामाच्या पोराची टीम सगळ्यांत पुढं होती, म्हणून ती टॉप सीड. सरळ हिशेब. पण ज्या दुकानाच्या पाटीवरच 'सीड्स' असं लिहिलंय, त्या दुकानाच्या शटरवर हा शब्द लिहिताना माझी अक्कल कुठं चरायला गेली होती, देव जाणे.

कारण मागच्या हंगामात अर्ध्या पंचक्रोशीनं कपाशीचं बियाणं मामाच्याच दुकानातून नेलं होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, कमरेला लागली, माणसं खुशीत आली, आणि ऐन फुलोऱ्यात डोमकळ्या निघाल्या. गुलाबी बोंडअळी आत शिरली की फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून बसतं; बाहेरून देखणं, आत अळी. तीच डोमकळी. बीटी बियाणं म्हणजे अळी कपाशी खाऊन आपोआप मरणार, असं सगळ्यांना सांगितलेलं. ही अळी मरायची तर राहिली, उलट बाळसं धरून बसली. साहेब लोक आले, चार फुलं फोडून पाहिली आणि म्हणाले, अळी शहाणी झाली. गाव म्हणालं, अळी कशाला, दुकानदार शहाणा झाला. खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. मामा म्हणायचा, पाकिटं कंपनीच्या शिक्क्याची होती, मी काय घरी बसून सरकी रंगवली? पण म्हणून कोणाच्या मनातली डोमकळी उमलते थोडीच.

तेव्हा भाईला मी समजावायला गेलो, "भाई, हे बियाण्याचं सीड नोहे, हे खेळातलं सीड हाये. म्हंजे कोण जिंकण्यासारखं हाये ते आधीच..."

"आधीच ठरलं म्हण ना सरळ."

मागची गर्दी हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं, इतकं ते संशयानं भरलेलं होतं. मी ओल्या फडक्यानं तक्ता पुसून टाकला. तर गर्दीतून एक जण म्हणाला, पाहा, पकडल्याबरोबर पुसलं.

मामा आतून सगळं ऐकत होता. मामा माझा सख्खा, आईचा भाऊ. मी मूळचा जळगाव जामोदकडचा, कॉलेज संपवून त्याच्याकडं येऊन राहिलेलो. मामाचा पोरगा अजून शिकत होता आणि त्याचे दोन्ही डोळे मोबाइलात गेलेले, म्हणून येत्या हंगामापासून दुकानाच्या गल्ल्यावर मला बसवायचं असं घरात ठरत आलं होतं. गल्ला म्हणजे नुसता लाकडी पेटारा नव्हे. गल्ल्यावर बसणाऱ्याला आमच्याकडं शेठ म्हणतात, मग त्याच्या पायात चप्पल असो नसो. स्पर्धेची कल्पनाही मामाचीच. त्या साली एका वाणाची हवा झाली होती, अळीपुढं टिकतो म्हणून. त्याच्या थैल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या येणार आणि त्यासाठी माणसं दुकानापुढं अंथरूण टाकणार, हे उघड होतं. मामानं जाहीर केलं, जिंकणाऱ्या टीमच्या चारही घरांना तो वाण रांगेविना मिळेल, छापील भावात. म्हणजे पोरं खुश, बाप खुश, आणि दुकानावरचा डाग धुऊन निघाला तर निघाला.

गर्दी पांगल्यावर मामानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. ती नेताना तो जे बोलेल ते पक्कं, हे मला माहीत होतं.

"हे पाय भाच्या. आज बोट उठलं ते उठलं, तुले समजत नव्हतं. याच्यापुढं खेळावून एक जरी बोट दुकानाकडं उठलं, तर तू गल्ल्यावर दिसणार नाईस. बापाच्या वावरात जाय."

म्हणजे मला नुसती स्पर्धा घ्यायची नव्हती. जिच्यावर आमच्या मुलखातला एकही माणूस संशय घेणार नाही अशी स्पर्धा घ्यायची होती. आमच्या मुलखात, जिथं माणूस दाढी करताना आरशात पाहून विचारतो, हा कोण बे, आणि इकडंच काऊन पाहून राह्यला?

दुसऱ्या दिवशी आठही गावांचे कॅप्टन दुकानाच्या पायऱ्यांवर बोलावले. सुरुवातीलाच भांडण, कारण पिंपळगाव राजाच्या टीमनं आपलं नाव 'राजा' ठेवलं होतं आणि देऊळगाव राजाच्या टीमनंही 'राजा'च. दोघांचं म्हणणं, दुसऱ्यानं मुद्दाम ठेवलं, म्हणजे आमचा विजय त्यांच्या खात्यावर जाईल. चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं की दोन्ही राजेच राहतील, पण बोलताना गाव आधी लावायचं.

मग फॉरमॅट. मी म्हणालो, सरळ बाद फेरी घेऊ. हरला तो घरी. भाई त्याच्या गावच्या टीमचा कॅप्टन, स्वतःही खेळणारा; तो म्हणाला, लाइट गेली तर? लाइट गेली की टॉवर मरतो, टॉवर मेला की नेट मरतं, आणि नेट मेलं की चौघं जण मैदानात मातीचे पुतळे होऊन उभे. समोरच्यानं येऊन फक्त मोजायचे. मग खेळ टीमशी झाला की वायरमनशी? सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, बरं, मग साखळी घेऊ, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. आता पिंपळगाव राजाचा कॅप्टन उठला. हा पोरगा गोरागोमटा, नाकासमोर पाहणारा, पण मनानं वकील. त्याचं म्हणणं, शेवटी शेवटी ज्या टीमच्या हाती काही उरणार नाही, ती आपल्या सोयऱ्याच्या गावाला सामना सोडून देईल. आणि आमच्याकडं सोयरीक नसलेली दोन गावं शोधायला निघालात तर थेट सातपुडा ओलांडावा लागेल. त्याचं खरं होतं. साखळीही मेली.

मी उन्हाकडं पाहत होतो. समोरच्या वावरात कोणीतरी वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावत होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पयली पेरणी साधली नाई तर आपण काय करतो?"

"दुबार करतो," चार जण एकदम बोलले.

"अन् दुबारही बुडली तर?"

"तर बुडली. मंग गपचूप बसतो."

बस्स. सगळ्या जगात त्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण आता मी शहाणा झालो होतो, इंग्रजी शब्द उच्चारलाच नाही. एकदा हरलेली टीम बाद नाही. ती दुबार पेरणीच्या रांगेत जाईल. त्या रांगेतल्यांनी आपापसांत लढायचं. तिथं हरला तो मात्र खरंच घरी. आणि दुबारच्या रांगेतून जो एकटा वर येईल, त्याची फायनल एकदाही न हरलेल्या टीमशी. लाइट एकदा दगा देऊ शकते, दोनदा दिला तर तुमचं नशीब. समजावायला मला मिनिटसुद्धा लागलं नाही. कोर्टातला कागद समजायला ज्यांना तीन पिढ्या लागतात, त्यांना हा तक्ता एका शब्दात कळला. मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर अशी थाप मारली की खोकला आला.

पण फॉरमॅट पटला म्हणून संशय मिटतो होय? पहिल्या फेरीच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावायच्या, तर चिठ्ठी उचलणार कोण? लहान लेकरू म्हटलं, तर लेकरू कोणाचं? देवळातला पुजारी म्हटलं, तर पुजाऱ्याचं वावर कोणत्या शिवारात? अखेर ठरलं की फाट्यावर थांबणाऱ्या पुढच्या एसटीतून जो पहिला उतरेल, त्यानं उचलायच्या. आम्ही सगळे फाट्यावर जाऊन उभे. बस आली, एक म्हातारी उतरली, डोक्यावर पापडांचा डबा. तिला वाटलं आम्ही लुटायला आलो. समजूत काढून तिच्याकडून चिठ्ठ्या उचलून घेतल्या, तिनं प्रत्येक चिठ्ठीबरोबर आम्हाला एकेक शिवी दिली, आणि सगळं छान पार पडलं. जाताना कोणीतरी विचारलं, आजी, कुठून आली? म्हातारी म्हणाली, देऊळगाव राजाहून, लेकीकडं चालली. झालं. देऊळगाव राजाला सोपा सामना आला होता. पिंपळगावचा वकील तिच्या डब्यात डोकावून आला.

लाइटीचाही बंदोबस्त केला. कोणत्या गावाला कधी लाइट असते हे वायरमनपेक्षाही भाईला पाठ होतं, कारण लाइट आली-गेली की मोटारी जळतात आणि मोटारी जळल्या की भाईची चूल पेटते. त्यानं दुपारची अशी वेळ काढून दिली, जेव्हा आठही गावांत लाइट असेल. मग लोक भाईकडंच डोळे बारीक करून पाहायला लागले, की यानं स्वतःच्या फायद्याची वेळ काढली. भाईला ते फार लागलं. दुसऱ्यावर संशय घेणारा माणूस स्वतःवर संशय आला की असा तुटतो, जशी काही सोन्याची नथ हरवली. शिवाय प्रत्येक टीमच्या उशाशी दुसऱ्या गावचा एक माणूस बसवायचा ठरलं, कोणी लबाडी करू नये म्हणून. रानडुकरांपासून पीक राखायला वावरात जागल्या बसवतात, तसाच हा जागल्या. पण जागल्याला चहा पाजायचा की नाही? पाजला तर तो फितला, नाही पाजला तर गावची इज्जत गेली. शेवटी जागल्यानं आपला चहा घरून थर्मासात आणायचा, असा नियम केला.

सामने सुरू झाले. आमच्याकडच्या टीमची बांधणी साधारण एकसारखी: तीन खेळणारे आणि चौथा भरतीचा. बीटीच्या प्रत्येक थैलीसोबत साध्या बियाण्याचं एक लहान पाकीट येतं. ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं लावायचं, म्हणजे अळी तिथं चरते आणि मधलं पीक वाचतं, असं शास्त्र. आमचे लोक ते पाकीट धुऱ्यावर फेकून देतात, ती गोष्ट वेगळी. पण खेळात मात्र हे शास्त्र सगळ्यांनी पाळलं. चौथ्याला पुढं सोडायचं, शत्रूच्या गोळ्या त्याच्यावर खर्ची पडतात, तोवर बाकीच्यांनी डाव साधायचा. त्या चौथ्याला सगळीकडं 'नॉन-बीटी' म्हणायला लागले. आमच्या गावचा नॉन-बीटी हा एक गुबगुबीत, लाजाळू पोरगा. बंदूक हाती आली की तो आधी ती कोणाची आहे ते विचारायचा.

एका टीमनं बाहेरगावचा पट्टीचा खेळाडू नव्या कोऱ्या खात्यावर बसवला, वरून नवशिका दिसावा म्हणून. बेकायदा बियाणं दुसऱ्याच्या पाकिटात घालून विकतात त्याला आमच्याकडं चोर बीटी म्हणतात. पोरांनी त्याचं नाव तेच ठेवलं. जागल्यानं त्याला पकडलं, टीम बाद झाली, पण तो शब्द दुकानासमोर इतक्या वेळा उच्चारला गेला की मामानं दोन दिवस रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला.

भाईची टीम पहिलाच सामना हरली. लाइट नव्हे, त्यांच्या गावची डीपीच, म्हणजे गावाला लाइट वाटणारी पेटीच उडाली, जी भाईनं आदल्याच दिवशी दुरुस्त करून दिली होती. तो कोणाला काही बोलू शकला नाही. दुबारच्या रांगेत गेला आणि तिथून असा उगवला की बोलायची सोय नाही. एकेक गाव लोळवत तो वर आला. इकडं मामाच्या पोराची टीम एकदाही न हरता फायनलला जाऊन बसली. म्हणजे फायनल कोणाची, तर ज्या घरावर संशय आहे त्या घराची आणि जो संशय घेतो त्या माणसाची. एसटीच्या म्हातारीलाही अशी चिठ्ठी उचलता आली नसती.

फायनल दुकानासमोरच ठेवली. भाईची टीम मोटारसायकलींवर आली, आपापलं नेट घेऊन, पाण्याच्या बाटल्याही घरच्या. सामना सुरू झाला, आणि बघता बघता आमची टीम हरली. मामाचा पोरगा शेवटचा मेला. भाईच्या गावची पोरं नाचायला लागली. मामाच्या चेहऱ्यावर, खोटं सांगत नाही, समाधान पसरलं. स्वतःचं पोरगं हरलं म्हणून इतका खुश झालेला बाप मी पाहिलेला नाही. दुकान धुऊन निघालं होतं. मीही गल्ल्यावर कोणती गादी टाकायची याचा विचार करायला लागलो.

तेवढ्यात मामाचा पोरगा माझ्याजवळ आला. "दादा, आमची दुबार?"

पोराचं बरोबर होतं. सात टीमना पहिली पेरणी बुडाल्यावर दुसरी मिळाली होती, चोर बीटीवाले सोडले तर. आमची टीम आत्ता, फायनलमध्ये, पहिल्यांदा हरली होती. तिची पहिलीच पेरणी बुडाली होती. नियमानं त्यांना आणखी एक सामना यायला हवा, आणि तोही हरले तरच भाई जिंकला. हे मी फॉरमॅट सांगताना तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मात्र पाठीवर थाप मारण्यात गुंतलेलो.

आता बोललो, तर मामाच्या पोराला वाचवायला भाच्यानं ऐन वेळी नियम काढला असं होणार. एक बोट काय, हातचे हात उठतील. गप्प बसलो, तर कोणाला काही कळणार नाही. गल्ला माझा. फक्त फॉरमॅट खोटा ठरेल. मामा चष्म्यावरून माझ्याकडं पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांत सरळ लिहिलं होतं: गप राह्य. आता त्या क्षणी माझ्या अंगात हरिश्चंद्र आला असं मी म्हणणार नाही. पण आयुष्यात एकच गोष्ट मी नीट बांधली होती, ती हा तक्ता, आणि तो माझ्याच दारात वाकडा झालेला मला पाहवेना. मी खुर्चीवर चढलो आणि सांगून टाकलं.

सगळ्यांनी भाईकडं पाहिलं. आता हा ओरडणार, आणि टॉवरचे तुकडे पडणार. पण भाई ओरडला नाही, तेच जास्त भीतीदायक. हळू आवाजात त्यानं विचारलं, "हे तू आज सांगून राह्यला?"

"हाव. चुकलं. पण भाई, तुमाले मिळाली होती का नाई दुबार?"

भाईनं डोकं खाजवलं, आपल्या गावच्या माणसांकडं पाहिलं, मग मामाकडं. मग म्हणाला, "मी दुबारवरच जेवलो. आता याले नाई म्हणलं, तर लोक म्हणतीन, भाई खाऊन उलटला. खेळू. पण इथं नाई. शिवेवर खेळू."

दोन गावांच्या शिवेवर नाला आहे, नाल्यावर लहानसा पूल. तिथं दोन्ही गावचे टॉवर सारखेच आंधळे, दोघांनाही एकेक काडी रेंज. आमची टीम एका कठड्यावर, भाईची दुसऱ्या कठड्यावर, एकमेकांकडं पाठ करून. आमचं गाव नाल्याच्या या काठावर, त्यांचं त्या काठावर. ज्या काठावरून आवाज येईल ती टीम हरली, असा नियम भाईनंच केला, म्हणजे कोणी कोणाला खुणावू नये. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी आमच्या भागात मयतीलाही पाहिली नव्हती. नाल्यातली बेडकंसुद्धा एकमेकांकडं पाहून गप्प.

खेळ रंगला. एकेक जण पडत गेला. शेवटी तिकडं उरला भाई एकटा, आणि इकडं, काय सांगू, उरला आमचा नॉन-बीटी. त्याला मारायची कोणाला गरजच वाटली नव्हती. तो एका पडक्या घरात जिन्याखाली लपून बसला होता. भाई त्याला शोधत घर पालथं घालायला लागला. आता नॉन-बीटीनं फक्त एकदा नेम धरायचा होता. भाई जिन्यासमोर आला, त्याच्याकडं पाठ करून. मी त्याच्या खांद्यावरून स्क्रीनवर पाहत होतो. नॉन-बीटीनं बोट उचललं.

आणि त्याचा फोन वाजला. बैल हंबरल्याची रिंग. स्क्रीनवर खेळ गेला आणि 'आई' आली. पोरगं संस्कारी, त्यानं उचलला. सगळ्या पुलाला ऐकू गेलं: गच्चीवर कुरडया वाळू घातल्या हायेत, आभाळ भरून राह्यलं, आधी घरी ये. तो हो आई, हो आई म्हणेपर्यंत भाईनं मागं वळून त्याला जिन्याखालीच आडवा केला.

त्या काठावर आरोळी उठली. पण भाई उठला नाही. तो कठड्यावर बसून विचार करत होता, आणि त्याचे डोळे बारीक होत गेले. मग त्यानं वर पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत. सातपुड्याकडं एक ढग होता, शपथेवर सांगतो, पण तो बोंडाएवढा.

"फोन कोणं लावाले लावला?" तो म्हणाला. आणि आता मात्र आवाज चढला. "सोताचंच पोट्टं हरवलं यानं. दुकान साजरं दिसाले पायजे म्हणून. मी जिंकलो नाई, मले जिंकवलं."

पुलावरून दुकान दिसत नाही, तरी त्याचं बोट अचूक तिकडंच होतं. मी आईची, कुरडयांची, बेडकांची शपथ घेतली. पण आता आमच्या काठावरूनही आवाज यायला लागले. आमचं गाव म्हणत होतं, भाच्यानं गाव भाईला विकलं. आधी दुबार काढली ती आपल्याला आशेला लावायला. एकच गोष्ट, आणि दोन्ही काठांवर तिचे दोन वेगळे गुन्हे झाले. गुन्हेगार मात्र एकच.

घरी आल्यावर मामानं सुपारी एकाच गालात ठेवली. मग म्हणाला, "एक बोट म्हणलं होतं मी. इथं दोन गावं उठली." मी सरळ पिशवी भरायला घेतली. तो म्हणाला, "थांब. बोलाचं काय, माणूस बोलतेच. तो भाई थैल्या न्यायले आला तर बस गल्ल्यावर. नाई आला, तर मंग जाय."

जून लागला. तो वाण आला. दुकानापुढं रांग अशी की तिचं शेपूट पिंपळगाव राजात आणि तोंड आमच्या दारात. भाईच्या टीमच्या चार घरांच्या थैल्या मी फळीवर वेगळ्या काढून ठेवल्या. रांगेतला प्रत्येक जण त्यांच्याकडं असा पाहायचा जसं लग्नात दुसऱ्याच्या ताटातल्या जिलेबीकडं. बाकीच्या तिघांचा निरोप आला, कॅप्टन नेईल तेव्हा आम्ही नेऊ. कॅप्टन येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी पिशवी गल्ल्याखालीच होती. मामा अधूनमधून जळगाव जामोदच्या गाडीची वेळ कोणालातरी विचारायचा, जणू दुसऱ्यासाठी.

तिसऱ्या दिवशी रांग संपत आली तेव्हा भाई आला. मोटारसायकल दारात लावली, रामराम नाही, सलाम नाही. थैल्या खाली काढायला लावल्या. प्रत्येकीचा शिक्का पाहिला, तारीख पाहिली, शिवण ओढून पाहिली, कानाशी धरून हलवून पाहिली, जशी काय आत मोटार फिरते. एक थैली तिथंच फोडली, दोन दाणे काढून ओल्या रुमालावर घासले, रंग उतरतो का पाहिलं. उन्हात नेऊन पाहिला, सावलीत आणून पाहिला. मग चारही घरांच्या थैल्या मागच्या सीटवर ठेवून टायरच्या ट्यूबनं बांधायला लागला.

मामानं गल्ल्याची चावी माझ्याकडं सरकवली. हात मात्र तिच्यावर तसाच ठेवला.

मी दारात गेलो आणि विचारलं, "भाई, आता तरी इस्वास बसला का?"

भाईनं गाठ मारली, ओढून पाहिली, किक मारली.

"उगू दे. मंग सांगतो."